कॅनडा पीआरची फाईल स्वतः कशी तयार करायची: एक्स्प्रेस एंट्रीचं सगळं काम, क्रमाने

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीचा, विषय निघाला की "स्कोअर किती लागतो?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि विचारायलाच हवा, पण आयटीए म्हणजे अर्ज करायचं आमंत्रण आल्यावर फाईल अडकते ती कागदांमुळे. कंपनीच्या लेटरमध्ये कामाचं वर्णनच नसतं, मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही, बँकेत मागच्या महिन्यात एकदम आठ लाख आलेले असतात आणि ते कुठून आले याचा पुरावा नसतो. हे सगळं जमवायला आपल्याकडे वेळ लागतो, विद्यापीठ, जुनी कंपनी, बँक, पासपोर्ट ऑफिस सगळीकडे फेऱ्या आहेत, आणि आयटीए आली की हातात फक्त ६० दिवस उरतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच, कागद आधी जमवा, प्रोफाइल नंतर करा. आम्ही नवरा-बायकोने आमची फाईल पुण्यात बसून, एजंट न लावता केली, त्यामुळे ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने खाली लिहितोय.

नियम, फी, कटऑफ बदलत राहतात. त्यामुळे आकड्यांसोबत शक्य तिथे तारीख दिलीये, पैसे भरायच्या दिवशी आयआरसीसी म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या साईटवर परत एकदा बघून घ्या.

१) आधी बघा, आपण बसतो का

एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे कुशल कामगारांना पीआरसाठी निवडायची कॅनडाची ऑनलाइन पद्धत, जानेवारी २०१५ पासून सुरू आहे. त्यात तीन प्रोग्रॅम येतात, पण भारतात बसून अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी त्यातला फेडरल स्किल्ड वर्कर हाच लागू होतो. त्यासाठी मागच्या १० वर्षांत किमान १ वर्ष सलग फुल-टाइम (आठवड्याला ३० तास, वर्षाचे १,५६० तास) कुशल कामाचा अनुभव, भाषेच्या चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषा मोजायची पट्टी) ७, आणि १०० पैकी ६७ पॉइंट लागतात. हे १०० असे वाटलेत: भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, कॅनडातली पक्की नोकरी १०, आणि जोडीदाराची भाषा, तिथले नातेवाईक वगैरे मिळून १०.

आता इथेच पहिला सापळा आहे. हे ६७ म्हणजे फक्त दार उघडलं. आमंत्रण मिळतं ते सीआरएस या वेगळ्याच स्कोअरवर, आणि तो १,२०० पैकी असतो. काही एजंट "तुमचे ७२ आले, तुम्ही पात्र आहात, पहिला हप्ता भरा" असं सांगतात, ते ७२ हे या पहिल्या गणितातले असतात आणि त्यावर कुणालाही आमंत्रण येत नाही. सीआरएसचं कॅल्क्युलेटर सरकारी साईटवर फुकट आहे, पंधरा-वीस मिनिटांत स्वतःचा आकडा कळतो, त्यासाठी कुणाला एक रुपयाही द्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट कटू आहे पण सांगायलाच हवी. २०२४ च्या मध्यापासून ड्रॉ, म्हणजे आमंत्रणं पाठवायच्या फेऱ्या, मुख्यतः कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी आणि ठराविक कॅटेगरींसाठी होतायत, जसं की फ्रेंच येणारे, आरोग्यसेवेतले, ट्रेडमधले म्हणजे सुतारकाम, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल वगैरे करणारे, शिक्षण क्षेत्रातले. त्यामुळे इथे बसून, नुसती डिग्री, पाच वर्षं आयटी आणि इंग्रजी एवढ्यावर आमंत्रण येईल असं धरून घर विकायला किंवा नोकरी सोडायला निघू नका. तुमचा मार्ग कुठला, कॅटेगरी की प्रांत की फ्रेंच, हे आधी ठरवा आणि मग खर्चाला हात घाला. कॅटेगरींची यादीही बदलत असते, २०२५ मध्ये शिक्षण आत आलं आणि वाहतूक बाहेर गेली.

२) इंग्रजीची परीक्षा, आणि ती नीट तयारी करून

आयल्ट्स, सेल्पिप आणि जानेवारी २०२४ पासून पीटीई कोअर, या तिन्हींपैकी कुठलीही चालते. आयल्ट्स देत असाल तर जनरल ट्रेनिंगच द्यायची, अकॅडमिक चालत नाही. मास्टर्ससाठी दिलेली अकॅडमिकची जुनी शीट घेऊन लोक येतात, ती इथे उपयोगाची नाही. सेल्पिपलाही 'जनरल' हाच प्रकार घ्यायचा. निकाल २ वर्षं चालतो, आणि प्रोफाइल करताना तसंच अर्ज सबमिट करताना, दोन्ही वेळी तो जिवंत असला पाहिजे.

आपल्याकडे इंजिनिअर मंडळी "इंग्लिश काय, ऑफिसात रोज बोलतोच की" म्हणून चार दिवस अभ्यास करून परीक्षेला बसतात. सीआरएसचं गणित बघा म्हणजे का थांबायचं ते कळेल. एकट्याने अर्ज करणाऱ्याला सीएलबी ७ ला प्रत्येक भागाचे १७ पॉइंट मिळतात, सीएलबी ९ ला ३१. चार भागांचे मिळून ६८ चे १२४ होतात. शिवाय मास्टर्स झालेलं असेल आणि तीन वर्षांच्या वरचा अनुभव असेल तर सीएलबी ९ मुळे शिक्षण आणि भाषा या जोडीचे २५ चे ५० आणि अनुभव आणि भाषा या जोडीचे २५ चे ५० होतात. सगळं धरून १०६ पॉइंटचा फरक, तोही एका परीक्षेने. प्रांताने निवडल्याचा कागद सोडला तर दुसऱ्या कुठल्याही कागदाने एवढे पॉइंट वाढत नाहीत, त्यामुळे क्लासचे आणि सरावाचे पैसे वाचवायची ही जागा नाही.

आयल्ट्समध्ये सीएलबी ९ म्हणजे लिसनिंग ८, बाकी तिन्ही ७. चारपैकी एक जरी खाली गेला, समजा रायटिंगला साडेसहा आले, की वरचे जोडीचे पॉइंट निम्म्यावर येतात, कारण तिथे चारही भागांत ९ लागतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना भीती स्पीकिंगची वाटते पण मार्क जातात ते रायटिंगमध्ये, तेव्हा पत्रलेखन आणि निबंध रोज एक लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या.

फ्रेंचबद्दल थोडं. चारही भागांत सातची लेव्हल आणि सोबत बरं इंग्रजी असेल तर ५० जास्तीचे पॉइंट मिळतात, पण खरा फायदा वेगळ्या ड्रॉचा आहे. मार्च २०२५ मध्ये फ्रेंचच्या एका ड्रॉची कटऑफ ३७९ पर्यंत खाली आली होती, त्याच वर्षी कॅनडाचा अनुभव असलेल्यांची कटऑफ ५०० च्या वरच होती. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियाँस फ्रान्सेज, मुंबईतही आलियाँस, शिकायची सोय आहे. पण सातची लेव्हल म्हणजे खऱ्या अर्थाने बोलता-लिहिता येणं, तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सने होत नाही. वय तिशीच्या आत असेल, दीड-दोन वर्षं द्यायची तयारी असेल, तर माझ्या मते आज भारतातून अर्ज करणाऱ्यासाठी हा सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा, फ्रान्सच्या कॉलेजसाठी देतात ती डेल्फ इथे चालत नाही.

३) शिक्षणाचं ईसीए

तुमची डिग्री कॅनडाच्या हिशोबाने कशाच्या बरोबरीची, हे सांगणारा रिपोर्ट म्हणजे ईसीए. वेस या संस्थेकडून करून घेणारे सगळ्यात जास्त, पण आयकॅस, आयक्यूएएस, टोरांटो विद्यापीठाची सीईएस असे पर्यायही आहेत. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी मात्र वेगळ्या संस्था ठरवून दिल्यात, तिथे वेसचा रिपोर्ट लावून पैसे घालवू नका. रिपोर्ट मागवताना तो इमिग्रेशनसाठीचा आहे हे बघून निवडा, वेसकडे नोकरी-शिक्षणासाठीचे साधे रिपोर्टही असतात आणि ते इथे चालत नाहीत. रिपोर्ट ५ वर्षं चालतो.

वेळ खातं ते विद्यापीठ. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाने स्वतः पाठवायचे असतात, ऑनलाइन किंवा सीलबंद पाकिटात, तुम्ही घरून झेरॉक्स पाठवून भागत नाही. पाकीट हातात मिळालं तर तिथेच काउंटरवर उभं राहून बघा: फ्लॅपवर, म्हणजे जिथे पाकीट चिकटवलंय तिथे, विद्यापीठाचा शिक्का आणि सही आडवी गेलेली आहे ना, आणि वेसचा रेफरन्स नंबर बाहेर ठळक लिहिलाय ना. शिक्का एका बाजूला आणि चिकटवलेली कड दुसऱ्या बाजूला असेल तर तिथल्या तिथे परत करून घ्या, नंतर परत यायचं म्हणजे आणखी एक रजा. आणि काहीही झालं तरी पाकीट उघडायचं नाही.

मुंबई विद्यापीठाचं काम कलिना कॅम्पसला, पुण्याचं गणेशखिंडला. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे जुन्या मार्कशीटवर एक नाव आणि नव्या ट्रान्स्क्रिप्टवर दुसरं, याने घाबरू नका, पण ड्रॉपडाउनमधून विद्यापीठ निवडताना नीट बघा. मूळ पदवी प्रमाणपत्र बऱ्याच जणांनी काढलेलंच नसतं, पदवीदानाचा फॉर्म भरायचा राहून गेलेला असतो आणि इतकी वर्षं प्रोव्हिजनलवर नोकरी चालू असते. ते आजच काढायला टाका. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांनी डिप्लोमाच्या मार्कशीटही काढून ठेवाव्यात, संस्था कधी मागेल सांगता येत नाही.

बीई झालं असेल तर निकालाची फार चिंता नसते. तीन वर्षांच्या बीए, बीकॉम, बीएस्सीचा निकाल मात्र आधी गृहीत धरू नका, रिपोर्ट हातात आल्यावरच सीआरएस मोजा. बीकॉमवर एमकॉम किंवा एमबीए असेल तर दोन्हींचं मूल्यमापन करून घ्या.

४) एनओसी कोड ठरवणं

इथे एनओसी म्हणजे कॅनडाची व्यवसायांची यादी, आपलं ना-हरकत प्रमाणपत्र नाही. सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहे, कोड पाच आकडी असतात आणि टीअर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी) ०, १, २, ३ मधलं काम फेडरल स्किल्ड वर्करसाठी चालतं.

कोड हुद्द्यावरून निवडायचा नाही, कामावरून निवडायचा. चाकणच्या एखाद्या ऑटो कंपनीत हुद्दा असतो "डेप्युटी मॅनेजर, प्रॉडक्शन". मॅनेजर शब्द बघून लोक ९००१० म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजर टाकतात. पण तो माणूस रोज काय करतो, लाईनचा सायकल टाइम काढतो, फिक्स्चर बदलतो, रिजेक्शन कमी करायला प्रोसेस सुधारतो, म्हणजे तो २१३२१, इंडस्ट्रियल आणि मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर. आणि मशीनचं डिझाइन करत असेल तर २१३०१, मेकॅनिकल. प्लांटचं बजेट, माणसांची भरती, पूर्ण विभागाचा हिशोब त्याच्याकडे असेल तरच मॅनेजर. आयटीमध्येही २१२३१ (सॉफ्टवेअर इंजिनिअर) आणि २१२३२ (सॉफ्टवेअर डेव्हलपर) या दोन कोडमध्ये गोंधळ होतो, तेव्हा कोडच्या पानावरचं वरचं दोन ओळींचं वर्णन आणि खालची मुख्य कामांची यादी शांतपणे वाचा. वरच्या दोन ओळी तुमच्या कामाला तंतोतंत लागू पडत नसतील तर तो कोड तुमचा नाही, कॅटेगरीत बसतो म्हणून ओढूनताणून घेऊ नका.

५) कंपनीचं रेफरन्स लेटर, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

फाईलमधला सगळ्यात वजनदार कागद हाच, आणि आपल्या एचआरला तो देण्याची सवय नसते. त्यांच्याकडे तयार असतं ते रिलीव्हिंग लेटर, "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वागणूक चांगली होती". त्याने भागत नाही. लेटरमध्ये हे सगळं हवं:

- कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा
- तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे
- सगळे हुद्दे आणि प्रत्येक हुद्द्याच्या तारखा, प्रमोशन झालं असेल तर वेगवेगळ्या
- प्रत्येक हुद्द्यावर काय कामं केली
- आठवड्याचे तास
- वार्षिक पगार आणि इतर फायदे

कामाची यादी एनओसीच्या पानावरून जशीच्या तशी उचलू नका, तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तेच पान रोज असतं. "संशोधन करून तांत्रिक गरजा निश्चित केल्या" असं गुळगुळीत वाक्य लिहिण्यापेक्षा "बिलिंग सिस्टीमसाठी जावामध्ये पेमेंट मॉड्यूल लिहिलं, क्लायंटसोबत दर आठवड्याला गरजा ठरवल्या, रिलीजआधी कोड तपासला" असं लिहा. सहा-आठ मुद्दे पुरतात. मसुदा तुम्हीच तयार करून मॅनेजरकडून तपासून घ्या आणि मग एचआरला पाठवा, म्हणजे त्यांनाही फक्त लेटरहेडवर घेऊन सही करायची राहते. चालू नोकरीवाल्यांना भीती असते की लेटर मागितलं की कळेल हा सोडून चाललाय, आणि ती रास्त आहे, तुमच्या साहेबांना तुम्ही ओळखता, वेळ बघून मागा.

मोठ्या कंपन्यांची पॉलिसीच असते की कामांचं वर्णन द्यायचं नाही. तेव्हा कंपनीचं साधं लेटर घ्या, आणि तुमच्या त्या वेळच्या मॅनेजरकडून किंवा सीनियर सहकाऱ्याकडून कामांचं वर्णन असलेलं नोटराइज्ड ॲफिडेव्हिट घ्या, सोबत त्याचा त्याच कंपनीत असल्याचा पुरावा. मग एक पानाचं स्पष्टीकरण लिहा की कंपनी असं लेटर देत नाही, एचआरचा नकाराचा ईमेल हा जोडलाय. कंपनी बंद पडली असेल तरी हाच मार्ग. आणि प्रत्येक नोकरीसाठी ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी काढा. ही पीएफची नोंद फार कामाची आहे कारण जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख तिथे सरकारी रेकॉर्डवर असते. अर्थात तीच तारीख लेटरवर आहे ना हे जुळवून बघा, दोन-चार दिवसांचा फरक बऱ्याचदा निघतो, तसा निघाला तर स्पष्टीकरणात एका ओळीत सांगून टाका.

ट्रेनिंग किंवा इंटर्नशिप शिकत असताना केली असेल तर ती पगारी, सलग आणि कुशल कामाची असेल तरच या एका वर्षात धरा, बिनपगारी धरू नका.

६) नावांचा घोळ आधीच सोडवा

महाराष्ट्रातल्या फाईलींमध्ये हा हमखास येतो. समजा दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, "कुलकर्णी स्नेहा अनंत", शेवटी वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं "स्नेहा रोहित देशपांडे". कंपनीत "स्नेहा कुलकर्णी-देशपांडे". कॅनडातल्या अधिकाऱ्याला मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं हे माहीत असेलच असं नाही, त्याच्यासमोर तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. त्यासाठी मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, आणि या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असं नोटराइज्ड ॲफिडेव्हिट तयार ठेवा. फॉर्ममध्ये "दुसरी नावं वापरली आहेत का" असा प्रश्न येतो, तिथे माहेरचं नाव लिहायचं, "नाही" करून पुढे जायचं नाही. परीक्षेची नोंदणीही पासपोर्टवर आहे त्याच नावाने करा.

जन्मदाखला किंवा विवाहाचा दाखला ग्रामपंचायतीचा, नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते नात्यातल्या कुणाकडून करून चालत नाही. भाषांतरकाराचं ॲफिडेव्हिट आणि मूळ दाखल्याची कॉपी दोन्ही जोडायचं. नगरपालिकेकडून द्विभाषिक दाखला मिळत असेल तर तो सरळ सगळ्यात सोपा.

७) पैशांचा पुरावा

जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, दोघांना १९,००१, तिघांना २३,३६०, चौघांना २८,३६२. दरवर्षी वाढतात. कुटुंब मोजताना नवरा/बायको आणि मुलं धरायचीच, ती आत्ता सोबत येणार नसली तरी. रुपयाचा भाव हलतो, म्हणून थोडी उशी ठेवा, अगदी काठावर ठेवू नका.

बँकेचं लेटर लागतं, नुसतं स्टेटमेंट नाही. त्यात खाते नंबर, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, आणि तुमच्यावरचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डची बाकी, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. ब्रँचमध्ये विचारलं तर समोरून "आमचा हाच फॉरमॅट आहे" असं उत्तर येतं, तेव्हा आयआरसीसीच्या पानाची प्रिंट आणि तुमचा टाइप केलेला मसुदा घेऊन मॅनेजरला भेटा, महिनाअखेर आणि सोमवार टाळा. एफडी चालते. फ्लॅट, शेतजमीन, सोनं याची किंमत धरत नाहीत. पीपीएफमधले पैसे अडकलेले असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. म्युच्युअल फंड मोडून सहा महिने आधी बचत खात्यात किंवा एफडीत आणून ठेवलेले बरे. आणि उसने घेतलेले पैसे दाखवायचे नाहीत, तसा नियमच आहे.

वडिलांनी मदत केली असेल तर गिफ्ट डीड, त्यांच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन आल्याची नोंद, आणि त्यांच्याकडे ते कुठून आले (एफडी मोडली, प्लॉट विकला) त्याचा कागद. रोख भरू नका.

८) प्रोफाइल, आणि कोण मुख्य अर्जदार

दोघंही पात्र असाल तर दोन्ही बाजूंनी सीआरएस मोजा. आपल्याकडे न विचारताच नवऱ्याच्या नावाने प्रोफाइल होतं, पण वय कमी आणि इंग्रजी चांगलं बायकोचं असेल तर तिच्या नावाने जास्त पॉइंट येतात. वयाचे पॉइंट २० ते २९ मध्ये सगळ्यात जास्त, एकट्याला ११०. तिशीला १०५, ३५ ला ७७, ४० ला ५० आणि ४५ ला शून्य. वाढदिवस जवळ आला असेल तर परीक्षेची तारीख त्याआधीची घ्या.

आई-बाबा या अर्जात येत नाहीत, मुलं २२ वर्षांच्या आतली आणि अविवाहित असतील तर येतात. आधीच्या लग्नातलं मूल असेल, तुमच्याजवळ राहत नसेल, तरीही जाहीर करा. लपवलेल्या मुलाला नंतर स्पॉन्सर करणं जवळपास अशक्य होऊन बसतं.

प्रोफाइल फुकट आहे आणि १२ महिने चालतं. प्रांतांचं नॉमिनेशन मिळालं तर ६०० पॉइंट, पण प्रत्येक प्रांताचे निकष वेगळे, म्हणून ओंटारिओ, अल्बर्टा, सस्कॅचेवन, बीसी (ब्रिटिश कोलंबिया) यांच्या साईट स्वतः वाचा. क्यूबेकचं इमिग्रेशन पूर्ण वेगळं आहे.

नोकरीच्या ऑफरचे सीआरएस पॉइंट २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत. तरीही "दहा-पंधरा लाखात एलएमआयए (परदेशी माणसाला नोकरीवर घ्यायची कॅनडातल्या कंपनीला मिळणारी सरकारी मंजुरी) काढून देतो, पॉइंट वाढतील" असं सांगणारे फिरतायत. नोकरी विकत घेणं बेकायदेशीर आहेच, आणि आता त्याचे पॉइंटही मिळत नाहीत. सल्लागार लावायचाच असेल तर कॅनडातला वकील किंवा सीआयसीसी या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाव असलेला परवानाधारकच लावा, रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं. त्याने फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव टाकायला नकार दिला की समजून जा. अकाउंट तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्याकडे. खोटा अनुभव त्याने टाकला तरी सही तुमची असते आणि ५ वर्षांची बंदी तुमच्यावर येते.

९) आयटीए आल्यावरचे ६० दिवस

पहिल्याच दिवशी दोन गोष्टींना हात घाला, पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) आणि मेडिकल.

पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्राचा हवा, फी ५०० रुपये. पोलीस आयुक्तालयाकडून नोकरीसाठी मिळतं ते कॅरेक्टर सर्टिफिकेट वेगळं, ते लावू नका. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर पोलीस पडताळणीत दिवस जातात. १८ वर्षांचे झाल्यावर, मागच्या १० वर्षांत ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं पीसीसी लागतं, म्हणजे ऑनसाइट जाऊन आलेल्यांनी, दुबई-मस्कतला नोकरी केलेल्यांनी त्याची सोय आयटीएच्या आधीच बघून ठेवायची.

मेडिकल २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज सबमिट करण्याआधीच करायची आहे, आधी ती नंतर सांगितली जायची. आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरकडेच, आपल्या फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही. मिळालेला कागद अपलोड करायचा.

मग पर्सनल हिस्टरी. १० वर्षांचा हिशोब, एकही महिना रिकामा नको. मे महिन्यात परीक्षा संपली आणि सप्टेंबरमध्ये नोकरी लागली तर मधले महिने "बेरोजगार" असं लिहायचे, त्यात कमीपणा काही नाही, जागा मोकळी सोडली तर मात्र फाईल अपूर्ण म्हणून परत येऊ शकते. पत्त्यांचंही तसंच, हॉस्टेल, पीजी, भाड्याच्या खोल्या सगळं. परदेश प्रवास जुन्या पासपोर्टचे शिक्के बघून भरा.

अपलोडला प्रत्येक फाईल ४ एमबीच्या आत लागते आणि एका कागदाला एकच जागा मिळते, म्हणून एका नोकरीचं सगळं, लेटर, स्लिपा, फॉर्म १६, एकाच पीडीएफमध्ये जोडा. मोबाईलने काढलेले तिरके फोटो नको, स्कॅनरने काढा आणि साईज कमी केल्यावर शिक्के वाचता येतायत का बघा.

सबमिट करायच्या आधी ही यादी समोर ठेवा:

- पासपोर्ट, सगळी शिक्के असलेली पानं
- भाषेचा निकाल, ईसीए रिपोर्ट
- डिग्री आणि मार्कशीट
- प्रत्येक नोकरीची एकत्र पीडीएफ
- बँकांची लेटर, गिफ्ट डीड असेल तर तो
- पीसीसी, मेडिकलचा कागद
- लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, भाषांतरं
- नावाचं ॲफिडेव्हिट
- कॅनडाच्या मापात काढलेला डिजिटल फोटो
- स्पष्टीकरणाचं पत्र

फी ३० एप्रिल २०२४ च्या दराने एका मोठ्या माणसाची १,५२५ डॉलर (प्रोसेसिंग ९५० आणि पीआर हक्काचे ५७५), बायोमेट्रिक एकाचे ८५, कुटुंबाचे १७०. दर दोन वर्षांनी वाढते. कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहे का, लिमिट पुरेसं आहे का, आदल्या दिवशीच बघा.

क्लेम केलेले पॉइंट सिद्ध होत नाहीत असं लक्षात आलं, समजा अनुभव तीन वर्षांचा लिहिला आणि कागदांवर दोन वर्षं दहा महिने निघाले, तर नवा स्कोअर मोजा. तो त्या ड्रॉच्या कटऑफखाली गेला तर आमंत्रण नाकारा. नाकारलं तर प्रोफाइल परत पूलमध्ये, म्हणजे वाट बघणाऱ्या उमेदवारांच्या यादीत, जातं, ६० दिवस नुसते जाऊ दिले तर ते पूलमधून बाहेर पडतं.

१०) सबमिट झाल्यावर

पावती येते, मग बायोमेट्रिकचं पत्र, त्यावर व्हीएफएस या व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट लगेच घ्या. प्रोसेसिंगचं ठरलेलं लक्ष्य साधारण सहा महिन्यांचं आहे, कमी-जास्त होतं. या काळात मूल झालं, नोकरी बदलली, पत्ता बदलला, पासपोर्ट नवा काढला, काहीही झालं तर वेबफॉर्मवर कळवायचं. आयआरसीसी व्हॉट्सॲपवर पैसे मागत नाही, फोन करून "फाईल अडकलीये" म्हणत नाही, असा फोन आला तर कट करा. पैशांची शिल्लक मंजुरी येईपर्यंत हलवू नका, नवीन लेटर मागू शकतात.

पासपोर्ट मागवला की समजा काम होत आलं. मेडिकल १२ महिने चालते आणि पीआरच्या पत्रावरची शेवटची तारीख बहुधा मेडिकल किंवा पासपोर्ट, जे आधी संपेल त्यावर ठरते, तेव्हा तिकीट त्या तारखेच्या आत काढा. आणि निघायच्या आधी सोबत नेत असलेल्या आणि नंतर मागवायच्या सामानाच्या दोन याद्या किमतीसकट करा, दागिन्यांचे फोटो आणि सराफाचं व्हॅल्युएशन जोडा. पहिल्यांदा उतरता तेव्हाच विमानतळावर कस्टम्सकडे या याद्या द्यायच्या आणि शिक्का मारून परत घ्यायच्या, म्हणजे आईकडे ठेवलेल्या पाटल्या दोन वर्षांनी नेल्या तरी त्यावर ड्युटी भरावी लागत नाही.